भरतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये जाताना: पगाराच्या आकड्याआधी त्यांची कमाई समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका मोठ्या आयटी कंपनीत डेव्हलपर म्हणून नोकरी, पाच वर्षं पूर्ण व्हायला अजून चार महिने. बाणेरमधल्या एका स्टार्टअपची ऑफर हातात आहे. कंपनी तीन वर्षांची, माणसं पस्तीसच्या आसपास, काम भरतीसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं. पगार जवळजवळ आत्ताइतकाच, वर ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क. घराचा हप्ता चालू आहे, आई-वडील सोबत आहेत. अशा ठिकाणी रोजचं काम कसं असतं, आणि जावं का?

मी सुरुवातीला पुण्यातच एका कन्सल्टन्सीत, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या फर्ममध्ये, रिक्रूटर होते. पुढे अशाच छोट्या कंपन्यांमध्ये प्रॉडक्टच्या कामाला आले आणि अजून याच क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जावं की नाही हा निर्णय तुमच्या घरचा आहे. पण तिथे दिवस कसा जाईल हे मात्र बऱ्यापैकी आधी ओळखता येतं. लोक फाउंडर कसा आहे, ऑफिस कसं आहे, ग्लासडोअरवर (कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल मतं लिहितात ती साइट) काय लिहिलंय ते बघतात. माझा अनुभव असा की कंपनीला पैसे कोण देतं, कशाबद्दल देतं आणि ते हातात कधी पडतात, एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं. कामाचे तास, सुट्टीच्या दिवशीचे फोन, अगदी मनाविरुद्ध करावी लागणारी कामंसुद्धा.

या क्षेत्रात कमाईच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली वाट जुन्या कन्सल्टन्सीचीच: माणूस रुजू झाला की कमिशन. आपल्याकडे वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीचा त्या माणसावरचा एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा दर वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. १२ लाखांच्या जागेला साधारण १ लाख. आता ते लाख रुपये येतात कसे ते पाहा. जूनअखेर उमेदवार निवडला गेला. त्याची नोटीस ९० दिवसांची, म्हणजे रुजू होणार सप्टेंबर संपता संपता. बिल जाणार ऑक्टोबरात. क्लायंटची पैसे देण्याची मुदत ४५ किंवा ६० दिवसांची, त्यात दिवाळी आली, की पैसे यायला डिसेंबर उजाडतो. आणि रुजू झालेला माणूस पहिल्या ६० किंवा ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, हे करारातच लिहिलेलं असतं. मधल्या सहा महिन्यांचे पगार कमाईतून होत नाहीत, गुंतवणूकदाराच्या पैशातून होतात.

अशा कंपनीत सगळं ऑफिस 'जॉइनिंग' या एका गोष्टीकडे डोळे लावून असतं. बहुतेक जॉइनिंग सोमवारी किंवा महिन्याच्या एक तारखेला, त्यामुळे रविवार हा सुट्टीचा दिवस राहत नाही. संध्याकाळी ऑपरेशन्समधली मुलगी घरी लॅपटॉप उघडून बसते. उद्या नऊ जण रुजू व्हायचेत. सहा जणांनी व्हॉट्सॲपवर 'हो' कळवलंय, दोघांनी मेसेज वाचलाय पण उत्तर नाही, एकाचा फोन शुक्रवारपासून बंद. फोन बंद म्हणजे दुसरीकडची ऑफर घेतली, हे तिला आतून कळलेलं असतं, तरी ती लावून बघत राहते, कारण महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या एका नावावर अडकलेला असतो. डेव्हलपर म्हणून तुम्ही यापासून लांब राहाल असं समजू नका. रात्री साडेनऊला 'रिमाइंडर नक्की गेला ना?' म्हणून ती तुम्हालाच विचारणार. आणि हा प्रश्न तिने विचारलाच पाहिजे असा असतो.

का, ते एका उदाहरणाने सांगते. आपल्या देशात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी प्लॅटफॉर्मवर आधी नोंदवावा लागतो. साच्यातल्या कायम भागातला शब्द बदलला आणि नव्याने नोंदणी केली नाही, तर टेलिकॉम कंपनी तो मेसेज वाटेतच अडवते. एका ठिकाणी नेमकं हेच झालं. चाकणच्या कारखान्यासाठी आयटीआयच्या मुलांच्या मुलाखती होत्या. क्लायंटने आदल्या दिवशी गेट बदललं, कोणीतरी साच्यात गेटचं नाव बदलून मेसेज सोडले. आमच्या डॅशबोर्डवर सगळ्यांपुढे हिरवी खूण, 'पाठवला'. पण ती खूण एसएमएस गेटवेला मजकूर दिल्याची होती, मुलाच्या फोनवर पोचल्याची नव्हती. मंचर, शिरूर, राजगुरुनगरकडून पहाटेची एसटी धरून आलेली मुलं जुन्या गेटवर उभी राहिली, आत मुलाखत घेणारे वाट बघत बसले, आणि क्लायंटने 'तुमची मुलं आलीच नाहीत' असा शेरा मारला. मुलांचा त्या दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. त्यानंतर डॅशबोर्डवर 'पाठवला' आणि 'पोचला' हे दोन रकाने वेगळे झाले. हे काम करायला डेव्हलपरला जेमतेम दोन दिवस लागले. या क्षेत्रात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: दोन दिवसांच्या कामाचा परिणाम कोणाच्या तरी दिवसभरावर, कधी नोकरीवर होतो, आणि तुम्हाला तो डोळ्यांनी दिसतो.

कमाईची दुसरी वाट सबस्क्रिप्शनची. क्लायंटचे जेवढे रिक्रूटर सॉफ्टवेअर वापरणार, तेवढ्या सीट, आणि सीटमागे वर्षाचे पैसे. इथे रविवारची धावपळ कमी असते, पण रिन्यूअलचं टेन्शन मोठं. भारतीय क्लायंट असतील तर मार्च महिना जड जातो. मोठा क्लायंट डेमोमध्ये एखादं फीचर मागतो, सेल्सवाला 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून शब्द देऊन येतो, आणि तो शब्द पाळायची जबाबदारी तुमच्या टीमवर पडते. वर त्यांच्या आयटी विभागाची शेकडो प्रश्नांची सिक्युरिटी प्रश्नावली, सक्सेसफॅक्टर्स किंवा डार्विनबॉक्ससारख्या एचआर सॉफ्टवेअरशी जोडणी, सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश). मोठ्या सर्व्हिस कंपनीतून आलेल्या डेव्हलपरला या कामात चांगली पकड असते, कारण क्लायंटची बाजू त्याने आतून पाहिलेली असते. तुमचा हा अनुभव तिथे खरोखर कामाला येईल, मुलाखतीत तो आवर्जून सांगा.

सबस्क्रिप्शनवाल्या कंपन्यांची खरी लढाई दुसऱ्या सॉफ्टवेअरशी क्वचितच असते, ती एक्सेलशी असते. कन्सल्टन्सीतल्या कुठल्याही रिक्रूटरच्या शेजारी बसून बघा. डावीकडे नोकरी डॉट कॉमचा रेस्डेक्स, म्हणजे रेझ्युमेंचा साठा, उघडा, उजवीकडे एक्सेलचा ट्रॅकर: नाव, मोबाइल, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटीस, लोकेशन, रिमार्क. रिमार्कमध्ये 'आरएनआर', म्हणजे रिंग वाजतेय पण उचलत नाही. कानात इअरफोन, एका कॉलवर बोलता बोलता पुढचा नंबर डायल. दिवसाला ठरावीक प्रोफाईल पाठवायच्या, ठरावीक लाइन-अप (मुलाखतीला तयार केलेले उमेदवार) द्यायचे, संध्याकाळी टीम लीडला आकडा कळवायचा. तिला तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रोफाईल भरायला सहा क्लिक लागत असतील आणि एक्सेलमध्ये एक टॅब पुरत असेल, तर ती एक्सेलच वापरणार. मॅनेजरने सक्ती केली तर दिवसअखेर एक्सेलमधून सगळं कॉपी करून टाकणार, आणि तुमच्या 'रिअल टाइम' अहवालात सगळी भरती संध्याकाळी सहा ते सात या वेळेतच झालेली दिसणार. तुम्ही गेलात तर पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण दिवस अशा रिक्रूटरजवळ बसायची परवानगी मागा. ही परवानगी आनंदाने देणारी कंपनी बहुतेक वेळा चांगली निघते.

आता धोक्याचं बोलते, कारण गृहकर्ज आहे म्हणालात. भरतीच्या क्षेत्रातली कंपनी बाजारातल्या चढ-उताराला इतरांपेक्षा आधी आणि जास्त सापडते. भरती जोरात असते तेव्हा रिक्रूटर वाढतात, सीट वाढतात, कमिशन वाढतं. भरती थांबली की क्लायंट सर्वांत आधी रिक्रूटर कमी करतो, मग सीट आणि मग करार. गेल्या काही वर्षांत हे आपल्या डोळ्यांसमोर झालं. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसमधलं नोकरी सोडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा सगळ्यांना माणसं हवी होती, आणि भरतीचं सॉफ्टवेअर विकायला फार समजवावं लागत नव्हतं. त्यानंतर २०२३-२४ या वर्षात इन्फोसिसची माणसं २५,९९४ ने कमी झाली आणि टीसीएसची १३,२४९ ने. अशा मोठ्या कंपन्या मागणी कमी करतात तेव्हा त्यांना माणसं पुरवणाऱ्या हिंजवडी-खराडीतल्या छोट्या कन्सल्टन्सी बंद पडतात, आणि त्या कन्सल्टन्सींना सॉफ्टवेअर विकणारी कंपनी त्यांच्या पाठोपाठ अडचणीत येते.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: सर्वांत मोठ्या तीन क्लायंटकडून कमाईचा किती वाटा येतो? ते तिघे एकाच क्षेत्रातले आहेत का? बँकेत आत्ता आहेत तेवढ्या पैशात, नवीन गुंतवणूक आली नाही तर, किती महिने पगार होतील? ऑफर हातात असलेल्या माणसाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर घराचा हप्ता असलेल्या माणसाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा सांगायला फाउंडरने टाळाटाळ केली तर तेही उत्तरच समजा. क्लायंट मिश्र असतील, म्हणजे थोडे आयटीतले, थोडे चाकण-रांजणगावच्या उत्पादनातले, एखादं हॉस्पिटल, एखादी बँक, तर कंपनी मंदीत तग धरण्याची शक्यता वाढते, कारण ही क्षेत्रं एकदम थांबत नाहीत.

रोजच्या तांत्रिक कामाबद्दल. बाहेरून हे काम साधं वाटतं, रेझ्युमे घ्यायचा आणि शोधायची सोय द्यायची. आत शिरल्यावर कळतं की माहिती किती वेडीवाकडी असते. दोन रकान्यांत मांडलेली पीडीएफ वाचताना पार्सर, म्हणजे रेझ्युमेतली माहिती वेचणारा प्रोग्रॅम, डावी-उजवी ओळ एकत्र करतो आणि शिक्षणाच्या जागी छंद येतात. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी बायोडेटा मशीनला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. आणि आपल्याकडची नावं! राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर क्रम वेगळा, नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाईलवर वडिलांचं नाव गायब. परदेशी लायब्ररी (तयार कोड) पहिल्या शब्दाला 'फर्स्ट नेम' समजते आणि पोर्टलवरून मुलीला आडनावाने हाक मारणारा मेल जातो. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली बाई तुमच्या सिस्टिममध्ये दोन वेगळ्या उमेदवार म्हणून बसते, तिचा आधीचा अनुभव एकीकडे आणि नंतरचा दुसरीकडे. ड्युप्लिकेट काढण्याच्या या कामात मी चांगल्या चांगल्या डेव्हलपरना महिनोन्महिने गुंतलेलं पाहिलंय, आणि त्यातून ते जे शिकले ते मोठ्या कंपनीत आपल्या मॉड्यूलपुरतं काम करून शिकता आलं नसतं. शिवाय व्हिडिओ मुलाखतीला एक माणूस आणि रुजू व्हायला दुसराच, असले प्रकार सर्रास होतात. ते पकडायचे, पण प्रामाणिक उमेदवाराला चोरासारखं न वागवता, हेही तुमच्याच वाट्याला येतं.

पस्तीस माणसांच्या कंपनीत डेव्हलपर साधारण दहा-बारा. म्हणजे एखादा भाग पूर्णपणे तुमचा: कोड, सर्व्हर, रात्रीची अडचण, क्लायंटचा फोन, सगळं. लेखी रिक्वायरमेंट येत नाही, ती तुम्ही बोलून काढायची. तुमच्यापेक्षा अनुभवी कोणी कोड तपासायला आहे का, हे नक्की विचारा. पाच वर्षांच्या अनुभवावर तुम्हीच तिथले सर्वांत सीनिअर ठरणार असाल, तर शिकायला कोणाकडून मिळणार हा प्रश्न आहे. क्लायंट अमेरिकेतले असतील तर संध्याकाळी साडेसात-आठचे कॉल धरून चाला. भारतातले असतील तर शनिवारी अर्धा दिवस जातोच, कारण कन्सल्टन्सी शनिवारी चालू असतात.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या धंद्यात पैसे क्लायंट देतो, उमेदवार देत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरवर दबाव नेहमी एकाच बाजूने येतो. क्लायंट फोनवर म्हणतो, 'फक्त मुलगे पाठवा', 'सव्वीसच्या वरचे नकोत', 'स्थानिक नकोत, युनियन करतात', 'गॅपवाले आपोआप गाळून टाका'. हे सगळं मी ऐकलेलं आहे, आणि हे फिल्टर म्हणून बनवून मागतात. गॅपचा, म्हणजे मधे काही काळ नोकरी नसलेल्यांना गाळणारा, फिल्टर वरून निरुपद्रवी दिसतो. तो लावला की बाळंतपणानंतर दोन-तीन वर्षं घरी राहून परत येऊ पाहणारी बाई कोणाच्या नजरेला न पडताच बाद होते. तिला कळतही नाही, आणि तिला फोन न करणाऱ्या रिक्रूटरलाही कळत नाही. वेतन संहिता २०१९, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात सारख्या कामाच्या भरतीत लिंगावरून भेदभाव करायला मनाई आहे. त्याआधीही १९७६ च्या समान वेतन कायद्यात ती होतीच. म्हणजे 'फक्त मुलगे' हा फिल्टर बनवणं ही नुसती आवड-नावड नाही, क्लायंटला कायदा मोडायचं साधन देणं आहे.

मशीन लर्निंगने हा प्रश्न अधिक अवघड केला. ॲमेझॉनने २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारं एक साधन बनवायला घेतलं होतं. जुन्या भरतीत पुरुष जास्त होते, त्या माहितीवर शिकून ते साधन रेझ्युमेमध्ये 'विमेन्स' हा शब्द असला की गुण कमी करू लागलं. शेवटी प्रकल्प गुंडाळला, आणि २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून ते जगाला कळलं. आता न्यू यॉर्क शहरात अशा साधनांचं दर वर्षी स्वतंत्र ऑडिट करून घ्यावं लागतं, तो नियम ५ जुलै २०२३ पासून अमलात आहे. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला आणि त्यात भरतीसाठीच्या साधनांना जास्त जोखमीच्या वर्गात टाकलंय. पुण्यात बसून परदेशी क्लायंटसाठी काम करताना हे थेट तुमच्या टेबलावर येतं: कोणाला का नाकारलं याची नोंद ठेवायची, माणसाला निर्णय बदलायची सोय द्यायची, मॉडेलची आवृत्ती जपायची.

तेव्हा मुलाखतीत फाउंडरला विचारा: 'क्लायंटने मागितलेलं एखादं फीचर तुम्ही कधी नाकारलंय का? कोणतं?' चांगल्या फाउंडरकडे याचं उत्तर तयार असतं, नावं न घेता तो प्रसंग सांगतो. आणि त्यांच्या पोर्टलवर स्वतः उमेदवार म्हणून एक अर्ज करून बघा. तो कुठे जातो, नकार कळवतात का, की काहीच येत नाही. मुलाखत देऊन महिना महिना उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाला एक ओळीचा मेसेज मिळणं ही मोठी गोष्ट आहे. ते बटण बनवणं तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही. ते बनवलंय की नाही, यावरून आतली माणसं कशी आहेत ते कळतं.

माहिती कुठून आणतात हेही पाहून घ्या. हायक्यू लॅब्ज नावाची अमेरिकन कंपनी लिंक्डइनच्या सार्वजनिक प्रोफाईल गोळा करून कोण नोकरी सोडणार याचा अंदाज विकत असे. लिंक्डइनने २०१७ मध्ये नोटीस धाडली. कोर्टात हायक्यूला सुरुवातीला यशही मिळालं, पण शेवटी २०२२ च्या अखेरीस लिंक्डइनच्या बाजूने तडजोड झाली, आणि तोवर कंपनीत काही उरलं नव्हतं. सगळा धंदा दुसऱ्याच्या साइटवरून ओरबाडलेल्या माहितीवर उभा असेल तर तुमची नोकरी त्या दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आधार आणि पगाराच्या स्लिपा व्हॉट्सॲपवर मागवून कोणाच्या तरी लॅपटॉपवर साठवणारी कंपनी असेल तर तिथे तुमचं पहिलं काम ते बंद करणं असेल, आणि ते करू देणार आहेत का हे आधी विचारा.

आता ईसॉप. ऑफर लेटरमध्ये 'इतक्या लाखांचे ईसॉप' असं लिहिलं असेल तर त्याला पगार समजू नका. चार गोष्टी लेखी हव्यात: ऑप्शनची संख्या, कंपनीच्या एकूण शेअरमध्ये ते किती टक्के, एक्सरसाइजची किंमत (ज्या भावाने शेअर घ्यायचा तो), आणि नोकरी सोडल्यावर विकत घ्यायला किती मुदत. कायद्याने पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, म्हणजे तुमच्या हक्काचं होत नाही. नोकरी सोडल्यावर बऱ्याच ठिकाणी फक्त ९० दिवस देतात, आणि खरी अडचण तिथे येते. समजा २,००० ऑप्शन व्हेस्ट झाले, एक्सरसाइज किंमत १० रुपये, तुम्ही शेअर विकत घ्याल त्या दिवशी शेअरची ठरवलेली किंमत ४०० रुपये. फरक ३९० रुपये, गुणिले २,००० म्हणजे ७,८०,००० रुपये तुमच्या त्या वर्षीच्या पगारात धरले जातात. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस धरून २,४३,३६० रुपये कर. शेअर अजून विकता येत नाहीत, हातात रुपया आलेला नाही, पण कर भरायचा. हा कर पुढे ढकलायची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पात आली, पण ती ठरावीक प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपपुरतीच आहे. नुसती 'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता त्याला पुरत नाही. शिवाय नोकरी सोडली की ती सवलत संपते. तुमच्यासारख्या परिस्थितीत मी ईसॉपची किंमत शून्य धरून पगाराचा विचार करीन. पगार तेवढाच असेल आणि रनवे (बँकेतले पैसे पुरतील तो काळ) दीड वर्षाच्या आत, तर मूळ पगारात थोडी तरी वाढ मागा. ती मिळते, कारण पाच वर्षांचा डेव्हलपर त्यांनाही सहज मिळत नाही.

बाकी तपासायच्या गोष्टी पटकन सांगते. पस्तीस माणसं म्हणजे पीएफ कायद्याने लागू आहेच (मर्यादा २० ची) आणि लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समितीही (मर्यादा १० ची). या दोन्हींबद्दल विचारल्यावर 'करतोय, चालू आहे' असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. आई-वडिलांच्या मेडिक्लेमचं मात्र आधीच बघा. आत्ताच्या कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि छोट्या कंपन्या बहुतेक वेळा आई-वडिलांना धरत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या, कारण आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो. तो हप्ता नव्या पगारातून वजा करूनच तुलना करा.

शेवटी तारखेचं. पाच वर्षं पूर्ण व्हायला चार महिने आहेत, म्हणजे पाच वर्षांनंतर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी समोर आहे. हिशेब सोपा: शेवटचा मूळ पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४५,००० असेल तर पाच वर्षांचे जवळपास १,२९,८०० रुपये होतात. नवीन कामगार संहितांमध्ये 'वेतन' एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा कमी धरता येत नाही, त्यामुळे मूळ पगार कमी ठेवलेला असेल तर रक्कम वाढू शकते. ही पाच वर्षं राजीनाम्याच्या दिवसापर्यंत मोजत नाहीत, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजतात. नोटीस ९० दिवसांची असेल तर राजीनामा आत्ता देऊ नका, सव्वा महिन्याने द्या, म्हणजे शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे पडेल. स्टार्टअप घाई करेल, नोटीस विकत घ्यायची, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे तुमच्या कंपनीला भरायची, तयारी दाखवेल. त्यांना ऑफर लेटरवर पुढची तारीख लिहून मागा, आणि मॅनेजर लवकर मोकळं करतो म्हणाला किंवा शिल्लक रजा नोटिशीत वळती करून देतो म्हणाला, तरी दोन्हीला नको म्हणा.